ठमीची जागा

हौसा खोटं बोलते, असं अख्ख्या मोहोळाने ठरवून टाकलं होतं. तिने घसा फोडून सांगितलं, पुरावा आणून पायाशी टाकला, तरी एकीने मान हलवली नाही. "उन्हात पाणी वाहून वाहून हिचे डोळे दिपलेत," एक म्हणाली. "डोळे कसले दिपतात, सगळ्यांनी आपल्याकडे बघावं अशी खोड आहे तिला," दुसरी म्हणाली. तिसरी नुसती सरकून लांब जाऊन बसली. हौसाला तेच सगळ्यात जास्त लागलं. मुलांनो, ती काय सांगत होती आणि तिचं कुणी का ऐकलं नाही, ते ह्या गोष्टीत आहे. ऐकताना एक करा, सरड्यावरची नजर काढू नका.

दाट जंगलात एका उंच सावरीच्या आडव्या फांदीला आग्या माश्यांचं मोहोळ लटकत होतं. एवढं मोठं, की खालून जाणारं अस्वलसुद्धा एकदा वर बघायचं आणि आपलं काही कामच नाही असं दाखवत पुढे निघायचं. पोळ्याच्या पोटात राणीमाशी राहायची. बाकीच्या माश्यांची कामं वाटलेली होती. कुणी मध आणायची, कुणी पाणी आणायची, कुणी पिल्लांना भरवायची, कुणी पंखांनी वारा घालायची. आणि सगळ्यात बाहेरच्या अंगाला पुष्कळ माश्या एकमेकींचे पाय धरून नुसत्या लटकलेल्या असायच्या. त्या थराला मोहोळात पडदा म्हणत.

पडद्यातल्या माश्या बघणाऱ्याला रिकामटेकड्या वाटायच्या. ऊन त्यांच्या पाठीवर, वारा त्यांच्या पाठीवर, पण बघणाऱ्याला पाठ कुठे दिसते? खरी गंमत संकट आलं की कळायची. गांधीलमाशी किंवा घार जवळ आली, की पडद्यातली एक माशी झटकन बूड उचलायची. ते बघून शेजारीण उचलायची, मग तिची शेजारीण, आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी चकचकीत लाट सळसळत जायची. येणाऱ्याला वाटायचं, हे एकच केवढं तरी जनावर अंग झाडतंय. तो आल्या वाटेने पळायचा. ही लाट जमायची ती भरवशावर. शेजारीण हलली की ती का हलली हे विचारत बसायचं नाही, आपण हलायचं.

हौसा पाणी आणायची. ठमी पडद्यात लटकायची. दोघी एकाच सकाळी शेजारशेजारच्या घरांतून मेणाचं झाकण कुरतडून बाहेर आलेल्या, म्हणून सख्ख्या बहिणींहून सख्ख्या. ठमीची जागा उगवतीकडच्या खालच्या कोपऱ्यात होती. पहिलं ऊन तिथे, पहिला वारा तिथे, आणि कुणी चाल करून आलंच तर पहिली नजर तिथूनच जायची. ठमीच्या उजव्या पंखाला एक खाच होती. लहानपणी कोळ्याच्या जाळ्यातून सुटताना पडलेली. हौसा तिला चिडवायची, "फाटक्या लुगड्याची माझी ठमी." ठमी म्हणायची, "फाटकं तर फाटकं, पण जागा सोडून फिरत नाही तुझ्यासारखी."

त्या वर्षी सावर नुसती लाल फुलांनी पेटली होती. मध इतका, की ठेवायला घरं पुरेनात. अशात एके दिवशी वावटळ आली आणि फांदी करकरली. झाडाची फांदी वाऱ्यात करकरते, त्यात नवल ते काय? पण राणीमाशी कधी बाहेर आलेली नव्हती. तिला वारा माहीत नव्हता, फक्त आवाज माहीत होता. ती घाबरली.

त्याच झाडाच्या ढोलीत एक सरडा राहत होता. तो फांदीवरून मान वरखाली करत आला आणि अदबीने लांबच थांबला. "राणीसाहेब, मी ह्या झाडावर जन्मलो. ह्या फांदीचा शब्द न् शब्द मला कळतो. ती वजनाने कण्हतेय."

"मोडेल का?" राणीने विचारलं.

"वजन उतरवलं तर नाही मोडणार."

"मध उतरवायचा?"

"छे छे! मध म्हणजे तुमची अब्रू. माश्या कमी करा. कुठल्या ते मी कशाला सांगू? एवढंच ध्यानात ठेवा, जी हलते ती काम, जी हलत नाही ती वजन."

राणीने पडदा आतूनच पाहिलेला. आतून तो म्हणजे नुसत्या पोटांचा अंधार. ती म्हणाली, "खरंच की! ह्या तर कधीच हलत नाहीत."

"आणि मोकळं केलेल्यांची काळजी तुम्ही करू नका," सरडा म्हणाला. "पलीकडच्या डोंगरावर आंब्याच्या झाडाला नवं मोहोळ बसतंय, तिथे माश्या कमी पडतात. मी स्वतः वाट दाखवीन. माझं काही देणं नाही, घेणं नाही. मला तुमचा मधसुद्धा नको."

हे ऐकून सगळं मोहोळ भारावून गेलं. मधसुद्धा नको म्हणतो! केवढ्या मोठ्या मनाचा! एकट्या हौसाच्या कपाळावर आठी पडली. "मध नको, तर मग ह्याला हवंय काय?" ती वारा घालणाऱ्या चांगुणेला म्हणाली. "फुकट राबणारा सरडा तू कधी पाहिलास?"

"सगळ्यांवर संशय घेऊ नये बाई," चांगुणा म्हणाली. "जगात चांगलीही असतात."

"असतात. पण त्यांची जीभ अशी आतबाहेर होत नाही."

दुसऱ्या दिवसापासून मुकादमीण पडद्यावरून फिरू लागली. मुकादमीण म्हणजे कामं वाटून देणारी थोराड माशी. जी निश्चल दिसेल तिच्या डोक्याला ती मिशीने स्पर्श करायची आणि म्हणायची, "तुला मोकळं केलं." हाकलली, काढली असले शब्द बोलायला राणीने बंदी घातली होती. मोकळ्या झालेल्यांनी सरड्यामागून फांदीवरून चालत जायचं. उडायचं नाही, राणीसाहेबांची झोप मोडते. निरोप घ्यायचा नाही, राहिलेल्यांचं मन कामातून उडतं. आणि ढोलीच्या वळणावर एकेकटीने पुढे व्हायचं, कारण सरडा म्हणे, वाट अरुंद आहे.

पहिल्याच फेरीत मुकादमिणीची मिशी ठमीच्या डोक्याला लागली. हौसा तेव्हा नेमकी पाणी घेऊन परतत होती. ती आडवी आली. "हिला? अहो मुकादमीणबाई, हिने कधी जागा सोडली नाही!"

"तेच तर. हलतच नाही," मुकादमीण म्हणाली आणि नजर चुकवून पुढे गेली.

ठमीला रडू येत होतं, पण तिने हसून दाखवलं. "जाऊ दे गं. आंब्याचा मोहर गोड असतो म्हणतात. तिकडच्या माश्या ओढ्यावर येत असतील ना पाण्याला? त्यांच्याजवळ निरोप धाडीन. तू ओढ्यावर जातेसच."

"पोचल्याबरोबर धाड."

"पोचल्याबरोबर. आणि हौसा, माझ्या जागेवर कुणीतरी लटकव गं. तिथून घार आधी दिसते."

ती फांदीवरून चालत गेली. मागे वळून बघायचं नव्हतं, म्हणून तिने तो खाचेचा पंख नुसता एकदा हलवला.

मोहोळ हलकं झालं, पण काम काही हलकं झालं नाही. गेलेल्यांचं काम राहिलेल्यांच्या पाठीवर आलं. हौसाने आता पाणीही आणायचं, वाराही घालायचा आणि पिल्लांनाही भरवायचं. चांगुणा म्हणायची, "सकाळी मध आणते, दुपारी पिल्लांना भरवते, संध्याकाळी पंख मोडेस्तोवर वारा घालते. मरायला सवड मिळाली तर तेही करीन, पण मुकादमिणीला विचारून." सगळ्या हसायच्या, आणि हसताना कुणी बघतंय का म्हणून आजूबाजूला बघायच्या.

कारण निश्चल दिसली की मिशी डोक्याला लागते, हे आता सगळ्यांना कळलं होतं. मग काय, जी ती हलू लागली. काम असो नसो, पाय हलवायचे, पंख फडफडवायचे. एकजण मेणाचा तोच तुकडा उजवीकडून डावीकडे न्यायची आणि डावीकडून उजवीकडे आणायची. दुसरी रिकाम्या घरात डोकं घालून घाईघाईने काहीतरी करत असल्यासारखी दिसायची, आत गेलं की डुलकी घ्यायची. पडद्यात लटकायला कुणी राजी होईना. मुकादमीण पकडून लटकवायची, तर तिथेही बूड उचल, पाय झाड, मान वळव असं चालायचं. मुकादमीण आली की सोंग जोरात, गेली की सगळ्या लोळागोळा. शेजारीण हलली की दुसरी मनात म्हणायची, "बघा नाटकी!"

आणखी एक वाईट गोष्ट झाली. माश्यांची रीत अशी, की कुठे फुलं सापडली की पोळ्यावर येऊन नाचायचं, आणि नाचातून दिशा सांगायची. आता कुणी नाचेना. "पत्ता सांगून टाकला की माझी गरज काय उरली? उद्या मलाच मोकळं करतील," असं जिच्या तिच्या मनात. एक तर चक्क उलटा नाच नाचली. तिच्या भरवशावर गेलेल्या बिचाऱ्या उघड्या खडकावर जाऊन तापून परत आल्या. त्यांनी तिला विचारलं, तर ती म्हणाली, "मी नाचत नव्हते, आळस देत होते." मध कमी येऊ लागला. सरडा मान हलवून राणीला म्हणाला, "बघितलंत? कामचुकार अजून उरल्यात."

मोहोळात कुजबूज वाढली तशी राणीने सगळ्यांना गोळा केलं. "आपण सगळ्या एका पोळ्याच्या लेकी," ती म्हणाली. तिचा आवाजसुद्धा भरून आला. "झालं ते झालं. इथून पुढे माझ्या एकाही लेकीला मोकळं करणार नाही." सगळ्यांनी आनंदाने गुणगुणून मोहोळ दणाणून सोडलं. सरडा फांदीच्या टोकाला बसून डोळे मिटून ऐकत होता.

मग पुन्हा वारा सुटला. फांदी पुन्हा करकरली, अगदी पहिल्यासारखीच.

हौसा म्हणाली, "एवढ्या माश्या गेल्या तरी तेवढीच करकरते? मग ती वजनाने करकरतच नव्हती की!"

"तू पाणी आण," मुकादमीण म्हणाली. "झाडाचं बघायला सरडेराव आहेत."

संध्याकाळी मिशी पुन्हा फिरली. ठमीच्या जागेवर जी लटकली होती ती मोकळी झाली. तिच्या जागी आणली तीही पुढच्या फेरीत मोकळी झाली. झालं, माश्यांनी ठरवून टाकलं, ती जागाच वाईट आहे. तिथे लटकली ती जातेच. धरून नेलं तरी तिथे कुणी पाय टेकवेना. पडद्याच्या त्या कोपऱ्यात भोक पडलं आणि त्यातून पोळ्याचं पांढरं मेण उन्हात चमकू लागलं. शरमेने म्हणा, भीतीने म्हणा, जाणारी येणारी तिकडे बघतच नसे.

इकडे हौसा रोज ओढ्यावर ठमीच्या निरोपाची वाट बघत होती. निरोप येईना. शेवटी ओल्या वाळूवर पाणी पिणारी एक परकी माशी तिला भेटली. "बाई, तू आंब्याच्या मोहोळातली का गं?" हौसाने विचारलं.

"हो. का?"

"आमची ठमी तुमच्याकडे आलीय. उजव्या पंखाला खाच आहे."

परकी माशी तिच्याकडे बघतच राहिली. "कोण ठमी? तुमच्या सावरीवरून आमच्याकडे कुणीच आलं नाही. आणि आमच्याच माश्या आम्हाला आटोपत नाहीत, आम्ही कशाला आणखी मागवू?"

हौसा भरलेलं पाणी तिथेच सांडून थेट ढोलीच्या खाली, सावरीच्या बुंध्याशी गेली. मुळांच्या बेचक्यात वाळलेला पाला साचला होता, आणि पाल्यावर ढीग होता पंखांचा. नुसते पंख. मधमाशीचे पंख सरड्याला पचत नाहीत, तो ते थुंकून टाकतो. हौसा एकेक उलटून बघत गेली. प्रत्येक पंख उचलताना ती म्हणत होती, हा नको, हा नको. आणि मग खाचेचा पंख हाती लागला.

तो तिने उचलला, वर नेला आणि भर मोहोळात मुकादमिणीच्या पायाशी ठेवला. "ही बघा तुमची आंब्यावर गेलेली. त्याने खाल्ली तिला. सगळ्यांनाच खाल्लं. त्याला मध नको होता, तो आपल्यालाच खातोय!"

मग सरड्याचं डोकं फांदीवरून खाली आलं. "अरेरे," तो म्हणाला. "वाटेत गळला असेल. जुनी जखम होती ना? मी तिला म्हणालो होतो, जपून चाल."

"आणि बाकीचे? ढीग पडलाय तिथे!"

"वाऱ्याने कुठून कुठून पंख येतात. जंगल आहे हे." सरडा राणीच्या दिशेने वळला. "राणीसाहेब, मला वाईट एवढंच वाटतं, की पाणी आणायला ठेवलेल्या माश्या पाणी सांडून पालापाचोळा उकरत बसतात."

मुकादमीण पंखाकडे बघत होती. तिला तो ओळखू आला होता, हे हौसाने तिच्या डोळ्यांत पाहिलं. पण ती म्हणाली, "हौसा, पुन्हा पाणी सांडलंस तर मला तुझ्या डोक्याला मिशी लावावी लागेल." सगळ्यांसमोर एवढं बोलून झाल्यावर ती जवळ येऊन पुटपुटली, "मला काय हौस आहे का गं? रोज वर नावं द्यावी लागतात. कमी दिली तर माझंच द्यावं लागेल."

तेव्हापासून हौसा खोटी ठरली. तिच्या बाजूला बसेल तिला मिशी लागेल, म्हणून कुणी बाजूला बसेना. चांगुणासुद्धा पाठ करून वारा घालू लागली. हौसाने कुणाची मनधरणी केली नाही. कामातून जरा सुटली की ती उगवतीच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन ठमीच्या जागी लटकायची. दोन्ही बाजूंना धरायला पाय नव्हते. एकटीच लटकायची. तिथून सगळं रान दिसायचं. ठमी एवढं बघत होती आणि एका शब्दाने बोलली नाही, असं तिला वाटायचं.

एका दुपारी ती तशीच लटकली होती. आकाशात लांब एक काळा ठिपका फिरत होता. हौसा त्याच्यावर नजर ठेवून होती, तेवढ्यात मुकादमीण आली. "ऊठ. राणीसाहेबांना उकडतंय. पाणी आण."

"मुकादमीणबाई, तो ठिपका बघा. मोहोळं फोडणारी घार आहे ती. मी गेले तर हा कोपरा उघडा पडेल."

"जिथे कुणी मरायला तयार नाही असल्या जागेची कसली राखण करतेस? पाण्याला जातेस, की मोकळी होतेस?"

हौसा गेली. गेली नसती, तर मोकळी होऊन सरड्याच्या पोटात गेली असती आणि कोपरा उघडाच पडला असता.

ओढ्यावर तिने पाण्याला तोंड लावलं आणि पाण्यावरून सावली सरकली. ती तशीच उलटी फिरली. पंखांत होता नव्हता तेवढा जीव आणून ओरडली, "घार! लाट धरा गं, लाट धरा!"

पडद्यातल्या एका माशीने तिचं ऐकलं आणि बूड उचललं. शेजारणीने ते पाहिलं आणि मनात म्हणाली, "ही का हलली? मुकादमीण बघत असेल. नाटकी मेली!" आणि ती हललीच नाही. पलीकडच्या दोघी हलल्या, पण त्या नेहमीच पाय झाडायच्या, त्यांच्याकडे कोण बघणार? लाट जराशी उठली, वाकडीतिकडी पुढे गेली आणि उगवतीच्या कोपऱ्यातल्या भोकापाशी येऊन विझली. त्यापुढे हलायला माशीच नव्हती.

घारीने मोहोळाला एक घिरटी घातली. कुठलंच मोठं जनावर अंग झाडताना तिला दिसलं नाही. दिसलं ते पांढरं मेण. तिने तिथेच नखं रुतवली आणि ओढलं. ठमीच्या जागेपासून वर मधाच्या घरांपर्यंत पोळं फाटत गेलं. मध, पिल्लं, अंडी, सगळं सावरीच्या लाल फुलांवर जाऊन पडलं. माश्या तुटून पडल्या, पण एकजुटीने तुटून पडायची सवयच राहिली नव्हती. जी ती आपल्यापुरती लढली आणि आपल्यापुरती मेली. घार पोट भरून गेली.

उरल्या माश्या राणीला घेऊन दुसऱ्या झाडाच्या फांदीला जाऊन लटकल्या. थोड्याच होत्या. थकलेल्या, कुणाचा पंख फाटलेला, कुणाचा पाय गेलेला. मोहोळाची एक रीत आहे, मनात अढी ठेवून नवं मेण लावायचं नसतं. म्हणून राणी म्हणाली, "हे कुणामुळे झालं ते आधी ठरू दे."

चांगुणेने मुकादमिणीकडे बघितलं. मुकादमिणीने राणीकडे बघितलं आणि पटकन डोळे खाली घातले. प्रत्येकीला वाटत होतं, आता माझं नाव निघणार. तेवढ्यात फांदीवरून ओळखीचा आवाज आला. सरडा तिथेही आधीच येऊन बसला होता. पोट इतकं जड, की फांदीच्या दोन्ही बाजूंनी लोंबत होतं.

"रागावून काय उपयोग, राणीसाहेब? शांतपणे बघू या," तो म्हणाला. "घार कुठून घुसली?"

"उगवतीच्या खालच्या कोपऱ्यातून," मुकादमीण म्हणाली.

"ती जागा कुणाची?"

मुकादमीण हळूच म्हणाली, "मुळात म्हणाल तर... ठमीची."

सगळ्या माश्यांच्या तोंडून एकदम सुस्कारा निघाला. माझं नाव नाही! माझं नाव नाही! सुटकेचा असा गुणगुणाट उठला, की कुणाला वाटावं इथे सणच आहे.

हौसा मध्ये घुसली. "अगं, तुम्हाला लाज कशी वाटत नाही? तिला तुम्हीच मोकळं केलं! ती म्हणत होती माझ्या जागेवर कुणीतरी लटकवा! ह्याने खाल्ली तिला, ह्याने!"

सरडा जराही चिडला नाही. "बरं, खाल्ली असं धरून चालू. म्हणजे घार आली तेव्हा ती जागेवर नव्हती, हे तर तुम्हीही कबूल करता?"

"नव्हती," राणी म्हणाली. "हौसाच सांगतेय, नव्हती."

चांगुणेने हौसाला पायाने मागे ओढलं आणि कानाशी पुटपुटली, "गप बस गं, बाई माझी. नाव मेलेलीचं निघालंय. जिवंत असलेल्या कुणाचं निघालं असतं म्हणजे बरं झालं असतं का?"

हौसा गर्रकन तिच्याकडे वळली. "मेलेलीचं? म्हणजे ती मेली हे तुला ठाऊक होतं?"

हौसाने एकेकीकडे बघितलं. एकही तिच्या डोळ्याला डोळा देईना. तेव्हा कुठे तिला कळलं, की ती खोटं बोलते असं मोहोळात कुणालाच वाटलं नव्हतं. पंख पायाशी पडला त्याच दिवशी सगळ्यांनी तिचं मान्य केलं होतं, मनातल्या मनात, आपापली जागा घट्ट धरून.

नव्या फांदीला मेण लागलं. नवी पिल्लं जन्मली. त्यांना पहिल्याच दिवशी शिकवलं जातं, "जुनं मोहोळ एका माशीने जागा सोडली म्हणून बुडालं. तशी होऊ नकोस." हौसा उगवतीच्या खालच्या कोपऱ्यात लटकून असते आणि शेजारी जी येईल तिला खरी गोष्ट सांगते. "असं कुठे असतं का!" असं म्हणत ती ऐकून घेते. पण एक आहे. त्या मोहोळात आता सरड्याकडे पाठ करून कुणी झोपत नाही.

तात्पर्य : घरातली माणसं कमी करा असं जो फुकट सांगायला येतो, त्याचं पोट कशाने भरतं ते आधी बघावं, आणि दिसलं की सगळ्यांनी मिळून मोठ्याने बोलावं, कारण गप्प राहून घर मोडलं, तर दोष सांगणाऱ्या सरड्याला लागत नाही, ऐकणाऱ्या राणीला लागत नाही, तो लागतो जी उलट बोलायला उरलेली नसते तिला, आणि तिचं नाव होतं ठमी.